न वाचलेल्या कागदावरची सही

परीक्षांचा हंगाम आला की विद्यापीठातल्या नकलेची चर्चा सुरू होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आल्यापासून तर तिला वर्षभर खंड नाही. एका बाजूला 'आजच्या पिढीला कष्ट नकोत' असे म्हणत आणखी कडक नियम, आणखी महाग सॉफ्टवेअर आणि आणखी मोठी शिक्षा मागणारे आहेत. दुसऱ्या बाजूला 'सगळेच करतात' म्हणून खांदे उडवणारे आहेत, आणि त्यांच्याहून गंभीर असे काही जण आहेत, जे विचारतात की व्यवस्थाच पोकळ असेल तर मुलांनी तिची वरवर बोळवण केली म्हणून बिघडले कुठे? भांडण जोरात चालले असले तरी एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे एकमत आहे आणि नेमकी तीच गोष्ट मला चुकीची वाटते. दोघेही वाङ्मयचौर्याला चौर्यच समजतात. एकाने लिहिलेले दुसऱ्याने पळवले. आता चोराला धरायचे की त्याच्यावर दया करायची, एवढ्याच परिघात हा वाद फिरत राहतो.

माझे म्हणणे असे की विद्यार्थ्याच्या नकलेत चोरीचा भाग दुय्यम आहे आणि मुख्य अपराध खोट्या साक्षीचा आहे. प्रकल्पाच्या वहीवर स्वतःचे नाव घालताना विद्यार्थी वाचणाऱ्याला सांगत असतो की हे मी पाहिले, हे मी मोजले, यावर मी विचार केला. आणि यांतले काहीच घडलेले नसते. अशी साक्ष तो निर्धास्तपणे देऊ शकतो, कारण ती कोणी तपासणार नाही हे त्याला पहिल्याच सत्रात कळून चुकलेले असते. पुढे तो अभियंता, लेखापरीक्षक, तलाठी किंवा पर्यावरण सल्लागार होतो तेव्हा दुसऱ्याचे शब्द उचलण्याची खोड त्याच्यासोबत जाईलच असे नाही, पण न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करण्याची सवय हमखास जाते. व्यावसायिक नीतीचा प्रश्न या सवयीपाशी आहे, आणि चोरीची भाषा बोलत राहिलो तर तो आपल्या नजरेतून सुटतो.

चोरीची कल्पना किती अपुरी आहे हे यंत्राने लिहिलेल्या मजकुराने उघडे पाडले. रत्नागिरीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने भाट्याच्या खाडीतल्या कांदळवनांवर वीस पानांचा अहवाल यंत्राकडून लिहून घेतला, तर त्याने कोणाचे चोरले? त्या वाक्यांचा कोणी एक धनी नाही, आणि शब्दांचे साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात आक्षेप घेण्यासारखे बहुधा काही सापडतही नाही. तरीही तो अहवाल हातात घेताना शिक्षकाला खटकते. का खटकते? कारण त्या मुलाने ओहोटीच्या वेळी चिखलात पाय घातलेला नाही, तिवर कोणती आणि चिप्पी कोणती हे जवळ जाऊन पाहिलेले नाही, भराव टाकून किती जागा बुजवली गेली ते मोजलेले नाही, आणि तरीही 'सर्वेक्षणात असे आढळून आले' हे वाक्य त्याच्या नावावर आहे. आता उलट बाजू पाहा. दुसरी एक विद्यार्थिनी खरोखर खाडीत उतरते, कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांशी बोलते, दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन नोंदी करते. पण प्रस्तावनेतली कांदळवनांची व्याख्या आणि त्यांचे फायदे पाठ्यपुस्तकातून जसेच्या तसे उतरवते, कारण इंग्रजीत ते स्वतःच्या शब्दांत मांडण्याचा तिला धीर होत नाही. सॉफ्टवेअर तिला पकडेल आणि पहिल्याला सोडून देईल. खरी साक्ष देणारीला आरोपी ठरवणारी आणि खोटी साक्ष देणाऱ्याला निर्दोष सोडणारी ही कसोटी आपण शिस्तीच्या नावाखाली विकत घेत आहोत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक सचोटीविषयी जे विनियम काढले त्यांचा पायाही शब्दसाम्याच्या टक्केवारीवर आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असले तर काही नाही. ४० टक्क्यांपर्यंत असले तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही. त्यापलीकडे गेले तर नोंदणीच रद्द. प्रबंधांच्या बाबतीत या नियमांचा थोडा उपयोग झाला हे मी नाकारत नाही, निदान संपूर्ण प्रकरणेच्या प्रकरणे उचलणाऱ्यांना धाक बसला. पण सामान्यतः घडले ते असे की 'दहाच्या आत आणणे' ही एक स्वतंत्र कला झाली आणि ती पैसे घेऊन करून देणारेही मिळू लागले. शब्द फिरवले, क्रियापदे बदलली, इंग्रजीतले मराठीत किंवा हिंदीतले इंग्रजीत आणले, की साम्य उरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट त्या विनियमांच्या व्याख्येत दडलेली आहे आणि ती फारशी कोणी वाचलेली दिसत नाही: असाइनमेंट, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका या सगळ्यांना त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. म्हणजे सवय जिथे लागते तो सगळा प्रदेश नियमाबाहेर, आणि ती सवय अंगात मुरल्यावर जो थोडा भाग पीएच.डी.पर्यंत पोचतो तेवढा नियमाच्या कक्षेत.

ती सवय कशी लागते? भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचे असते. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे हे सर्वांना आधीच ठाऊक असते, म्हणून उत्तरावरून उलटे जात रीडिंग तयार होतात. ज्याचे उत्तर प्रामाणिकपणे १०.४ येते त्याला 'पुन्हा कर' असे सांगितले जाते, आणि शेजारच्या जर्नलमधून ९.७८ उतरवून घेणाऱ्याला सही मिळते. आपले १०.४ का आले, दोरीची लांबी मोजण्यात चुकले की दोलने मोजण्यात, हा विज्ञानाचा खरा प्रश्न तिथल्या तिथे मरतो. तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकीत ड्रॉइंगच्या शीटखाली काच आणि काचेखाली दिवा ठेवून सीनियरची शीट गिरवण्याला 'जीटी मारणे' असे रुळलेले नाव आहे. ज्या कृत्याला असे लाडके नाव मिळते त्याची कोणाला लाज उरलेली नसते. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाला काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे 'ब्लॅकबुक' असते. त्यातल्या सर्वेक्षणाचे पन्नास प्रतिसादक हे पुष्कळदा हॉस्टेलच्या एकाच खोलीत बसून फॉर्म भरणारे चार मित्र असतात. या ब्लॅकबुकाच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र असते: सदर प्रकल्प विद्यार्थ्याने माझ्या मार्गदर्शनाखाली स्वतः पूर्ण केला आहे. त्याचा मजकूर वर्षानुवर्षे तोच, झेरॉक्सवाल्याच्या संगणकात साठवलेला, आणि त्याखालच्या सह्या गठ्ठ्याने होतात. आपण विद्यार्थ्याला खोट्या साक्षीबद्दल दोष देतो, पण त्या वहीतली पहिली खोटी साक्ष त्याच्या मार्गदर्शकाची असते आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत दिली जाते.

मार्गदर्शक असे का करतो याचे उत्तर शोधायला जरा मागे जावे लागेल. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. परीक्षेने अध्यापनाला आपल्या दावणीला बांधले आहे, अशी तक्रार १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने करून ठेवली आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठाची सावंतवाडीतली मुले मुंबईतल्या कलिना आवारापासून सुमारे ५०० किलोमीटरवर शिकतात. इतक्या अंतरावरून मूळ रचनेला कळू शकत होता तो फक्त उत्तरपत्रिकेवरचा आकडा. त्या रचनेवर आपण पुढे इंटर्नल, प्रकल्प आणि जर्नलची कलमे बांधली, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही आले. कल्पना म्हणून ही सगळी चांगली आहेत. पण वाचायचे कागद वाढले, वाचणारे वाढले नाहीत. रिक्त पदांवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत, त्यांना मोबदला तासाचा मिळतो आणि दीडशे प्रकल्प वाचण्याचे तास त्यात धरलेले नसतात. वरून महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या नॅक परिषदेची पाहणी येते तेव्हा कधीच न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते मागच्या तारखांनी लिहिली जातात, हे महाविद्यालयात वावरणाऱ्या कोणाला नवीन आहे? शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ज्या कामात गुंतलेले विद्यार्थी पाहतो, तेच काम तो त्याच्या वहीत करतो.

इथे पहिला आक्षेप येतो तो भाषेचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. गुहागर किंवा राजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली मुलगी विज्ञानशाखेत येते आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिने इंग्रजीत शास्त्रीय गद्य लिहावे अशी अपेक्षा केली जाते. तिने उतरवायचे नाही तर काय करायचे? तिच्या उतरवण्याला अप्रामाणिकपणा म्हणणे हा ज्यांना इंग्रजी घरात मिळाले त्यांचा उद्दामपणा आहे, हे मला मान्य आहे. उपायही सोपा आहे: अहवाल मराठीत लिहू द्यावा, संज्ञा हव्या तर इंग्रजी ठेवाव्यात. परंतु हा आक्षेप जेवढे सिद्ध करतो त्यापेक्षा जास्त त्याच्यावर लादले जाते. गद्य उसने का घेतले जाते हे भाषेच्या अडचणीवरून कळते. रीडिंग उसनी का घेतली जातात हे कळत नाही. आकडे कोणत्या माध्यमातले असतात? आणि ज्यांना भाषेचीही अडचण नव्हती आणि पैशांचीही, त्यांचे काय? जर्मनीच्या संरक्षणमंत्र्यांना २०११ साली, हंगेरीच्या राष्ट्राध्यक्षांना २०१२ साली आणि जर्मनीच्याच शिक्षणमंत्र्यांना २०१३ साली डॉक्टरेट काढून घेतली गेल्यावर पद सोडावे लागले. हे तिघेही आपापल्या भाषेत निष्णात होते.

दुसरा आक्षेप वेळेचा. कोकणात सबमिशनच्या तारखा आणि हापूसची तोड एकाच वेळी येतात. बागेत राखण करून, पेट्या भरून, पहिल्या एसटीने कॉलेज गाठणाऱ्या मुलाकडून सहा विषयांचे सहा प्रकल्प कसे व्हावेत? होत नाहीत, आणि होऊही नयेत. पण या मुलाला आपण विषय कोणता देतो तेही पाहिले पाहिजे. त्याला 'महानगरांतील मॉल संस्कृती' किंवा 'जागतिकीकरणाचे परिणाम' असे काहीतरी मिळते, जे त्याने कधी पाहिलेले नाही आणि जे इंटरनेटवर पोत्याने उपलब्ध आहे. त्याच्या घरी मात्र वाशीच्या दलालाकडून आलेल्या गेल्या पाच वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, खिळ्याला टोचलेल्या असतात. पेटीला कोणत्या आठवड्यात काय भाव मिळाला, हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाऊन हातात काय पडले, तुडतुड्यांवर आणि फुलकिड्यांवर किती फवारण्या झाल्या आणि त्यांचा खर्च किती, हे त्याला ठाऊक आहे आणि जगातल्या कोणत्याही संकेतस्थळाला ठाऊक नाही. त्या पट्ट्यांवर त्याने मराठीत आठ पाने लिहिली तर ती नक्कल असू शकत नाही, यंत्राला ती सुचू शकत नाहीत, आणि फलोत्पादनाच्या अर्थशास्त्रात त्यांची खरोखर भर पडेल. ज्याची साक्ष तो देऊ शकतो ते आपण त्याला विचारत नाही, जे त्याने पाहिलेले नाही त्यावर त्याच्याकडून वीस पाने मागतो, आणि त्याने ती कुठून तरी आणून दिली की चोर म्हणतो.

तिसरा आक्षेप जरा विद्वत्तेचा आव आणून केला जातो. स्वामित्वाची कल्पना पाश्चात्त्य आहे, आपली परंपरा पाठांतराची आणि पोथ्या उतरवण्याची, तेव्हा संदर्भ देण्याचा हा आग्रह बाहेरून लादलेला आहे, असे त्याचे स्वरूप. पोथी उतरवणे हे पुण्यकर्म मानले जाई हे खरेच आहे. पण त्या पोथीच्या शेवटी लेखनिक काय लिहीत असे? 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया': जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. इतकी नेमकी साक्ष आजच्या प्रमाणपत्रांत सापडत नाही. मी फक्त उतरवले, मजकुराची जबाबदारी माझी नाही, हे तो उघड सांगतो आणि त्यापुढे एक अक्षरही स्वतःकडे घेत नाही. ज्ञानेश्वरांनीही आपण व्यासांचा मागोवा घेत आणि 'भाष्यकारांतें वाट पुसतु' निघालो आहोत हे गीतेवरील टीकेच्या शेवटी नोंदवून ठेवले आहे. कोणाकडून काय घेतले हे सांगण्याची रीत आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही; विलायतेहून आली ती तळटीप.

सर्वांत चतुर आक्षेप मात्र व्यवसायातल्या लोकांचा असतो. ते म्हणतात, आमच्याकडे सगळेच ठरावीक नमुन्यावर चालते. वकील जुन्या मसुद्यात नावे बदलून खरेदीखत करतो, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेतली विनिर्देशांची पाने एकमेकांसारखी असतात, डॉक्टरांचे डिस्चार्ज कार्ड छापील असते. मग विद्यार्थ्याला मौलिकतेचे धडे कशाला? मौलिकतेबद्दल ते बरोबर आहेत. मौलिक गद्य लिहिणारा अभियंता मला नको आहे. पण पंचनामा घ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतरच्या पंचनाम्यांची भाषा एकच होती, रकाने एकच होते, त्यांत मौलिक काहीच नव्हते आणि असायला नको होते. पण 'पोफळी, उन्मळून पडलेल्या' या रकान्यापुढचा आकडा कोणीतरी वाडीत उभे राहून मोजलेला असावा लागतो. पंच कोऱ्या कागदावर सही करून चहा प्यायला गेले, तर नमुना जसाच्या तसा राहतो, व्याकरण शुद्ध राहते, कोणाचीही चोरी होत नाही, आणि तरीही तो कागद खोटा असतो. ज्याची पन्नास झाडे पडली त्याला दहाची भरपाई मिळते, ज्याची दहा पडली त्याला पन्नासची. न पाहता रकाना भरायला तो तलाठी कुठे शिकला असेल? मला वाटते, जिथे लंबकाचे ९.७८ शिकला तिथेच.

हा संबंध मी ओढूनताणून जोडतो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातलेच एक प्रकरण सांगतो. या शतकाच्या पहिल्या दशकात जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार करण्यात आला. तो वाचणाऱ्यांच्या लक्षात आले की त्यातले मोठमोठे भाग रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेले आहेत; पक्ष्यांच्या अधिवासाचे वर्णन करताना त्यात स्प्रूससारख्या शीत प्रदेशातल्या सूचिपर्णी वृक्षांची अरण्ये अवतरली होती. कोकणच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, स्प्रूस! हसू येते खरे, पण या नकलेने नुकसान कोणाचे झाले? त्या रशियन लेखकाचे काय गेले? काहीच नाही. नुकसान होणार होते ते खाणीखालच्या गावांचे, ज्यांच्या विहिरी, ओहोळ आणि कलमे त्या अहवालाच्या भरवशावर होती. 'इथले पाणी, इथले पक्षी, इथली झाडे आम्ही पाहिली' ही साक्ष खोटी होती. अहवाल करणारे अडाणी नव्हते, गरीब नव्हते, त्यांना इंग्रजीची अडचण नव्हती. अहवाल वाचला जात नाही एवढे मात्र त्यांना पक्के माहीत होते, आणि कोणी वाचला नसता तर त्यांचा अंदाज बरोबरही ठरला असता.

त्याच धर्तीचा एक राष्ट्रीय पातळीवरचा प्रकार २०१० साली घडला. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याच्या वादात सरकारला स्वतंत्र मत मिळावे म्हणून देशातल्या सहा विज्ञान अकादमींनी मिळून अहवाल दिला, आणि त्यातला काही मजकूर त्याच तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या आधीच्या लेखातून जवळजवळ जसाच्या तसा आलेला निघाला. इथेही चोरीची भाषा किती तोकडी पडते ते पाहा. मूळ लेखकाची कदाचित काही तक्रारही नसेल. तक्रार ज्यांनी मत मागितले त्यांची आहे: तटस्थ साक्षीदार म्हणून ज्यांना बोलावले त्यांनी एका पक्षाचे म्हणणे आपल्या शिक्क्याखाली पुढे सरकवले. आणि २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख मुळात अस्तित्वातच नसल्याचे तिच्या अध्यक्षांनी कबूल केले, तेव्हा त्या ताळेबंदांखालीही लेखापरीक्षकांच्या रीतसर सह्या होत्या.

मान्य करतो की विद्यार्थिदशेत जर्नल उतरवणारा प्रत्येक जण पुढे असा होत नाही. बहुतेक जण होत नाहीत. कोकणातले कित्येक उत्तम अभियंते आणि डॉक्टर हॉस्टेलच्या काचेवर शीट गिरवूनच मोठे झाले आहेत. याविषयीचा एक ठळक अभ्यास २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या आणि पुढे परवाना मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांची तुलना कारवाई न झालेल्या ४६९ डॉक्टरांशी केली गेली. कारवाई झालेल्यांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदींत गैरवर्तनाचे शेरे असण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. हा अभ्यास नकलेवरचा नव्हता आणि त्यातून 'कॉपी करणारा पुढे लबाड निघतो' असा निष्कर्ष काढणे हीच एक लबाडी होईल. पण त्यात सर्वांत प्रबळ ठरलेला दुर्गुण कोणता होता? कमालीचा बेजबाबदारपणा, म्हणजे अंगावर घेतलेल्या कामाला जागचे हजर न राहणे. हे चोरीपेक्षा खोट्या साक्षीच्या कितीतरी जवळचे आहे.

शिवाय माझा मुद्दा एकेका माणसाच्या शीलाचा नाहीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने नदीत गेली. त्या वर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आले. ज्यांनी पाहणी केली त्यांनी ती खोटी केली असा आरोप मी करत नाही. नदी कधी कधी माणसाच्या सगळ्या पाहणीपलीकडे जाते. पण त्या एसटीतला प्रवासी काय करू शकत होता? त्याला पुलाच्या खांबांचा पाया तपासता येत नाही, तो कोणा अनोळखी माणसाच्या सहीवर झोपी जातो. व्यवसाय आणि व्यापार यांत फरक असेल तर तो हाच की व्यावसायिकाचा शब्द ज्याला तपासता येत नाही अशा माणसासाठी तो दिलेला असतो. म्हणून 'पाहणी केली' या दोन शब्दांचा अर्थ पात्रात उतरून पाहिले असा आहे की फाइलमधला मागच्या वर्षीचा शेरा पुढे ओढला असा आहे, यावर त्या व्यवसायात चारचौघांचे एकमत काय आहे, ते महत्त्वाचे. ते एकमत तिशीत होत नाही, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जर्नल सही करून घेण्याच्या रांगेत होते.

प्रत्यक्ष जाऊन पाहण्याने काय घडते याचा दाखलाही याच भूमीत आहे. कोकणातले सडे सरकारदरबारी बहुतेक पडीक म्हणून गणले गेले. रत्नागिरीतल्या काही हौशी अभ्यासकांनी हे सडे पायी तुडवले, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारले, जांभ्यावरची माती झाडून पाहिली, आणि प्रागैतिहासिक कातळशिल्पांचा एवढा मोठा ठेवा नोंदवला की २०२२ साली त्यातली निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. यातले बरेच काम पगारी संशोधकांचे नव्हते. त्यांनी जे लिहिले ते कुठूनही उतरवता आले नसते, कारण आधी ते कुठे लिहिलेलेच नव्हते.

तेव्हा करायचे काय? माझ्या मते सहा प्रकल्पांच्या जागी वर्षाला एकच असावा, विषय विद्यार्थ्याच्या पायाखालचा असावा, भाषा त्याची असावी, आणि 'हे काम पूर्णतः माझे आहे' या कोणीच गंभीरपणे न घेणाऱ्या प्रतिज्ञेऐवजी त्याने सुरुवातीला एवढे लिहावे: यातले मी स्वतः काय पाहिले, इतरांकडून काय घेतले, यंत्राकडून काय लिहून घेतले. मग प्रत्येकाची पंधरा मिनिटे तोंडी परीक्षा. एवढा वेळ कोणाकडे आहे असे लगेच विचारले जाईल. साठ मुलांना पंधरा तास लागतात. एका सत्रात पंधरा तास मुलांचे ऐकून घ्यायला नसतील तर शिकवण्याचे नाटकही बंद करावे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला या तासांचा मोबदला मिळाला पाहिजे, हे उघड आहे. सॉफ्टवेअरवर जाणारा पैसा तिकडे वळवता येईल. शिक्षेच्या बाबतीत, न सांगता घेतलेल्या परिच्छेदापेक्षा बनावट आकड्याला कितीतरी जबर शिक्षा असावी, आणि त्याखाली ज्याने प्रमाणपत्र दिले त्या मार्गदर्शकालाही तिचा वाटा मिळावा.

यासाठी आयोगाच्या नव्या विनियमांची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या जूनमध्ये क्षेत्रप्रकल्पांच्या याद्या फलकावर लागतील तेव्हा एखाद्या महाविद्यालयाने फक्त प्रमाणपत्राचे पान बदलून पाहावे: मार्गदर्शकाने तोंडी परीक्षेत विचारलेले दोन प्रश्न आणि मिळालेली उत्तरे स्वतःच्या अक्षरात लिहायची, त्याशिवाय खाली सही करायची नाही. पहिल्या वर्षी निम्म्या वह्या परत जातील, आणि पालक, संघटना व गावातली वजनदार माणसे प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन बसतील. त्या दिवशी प्राध्यापकाच्या पाठीशी उभे राहायचे की नाही, हे संस्थाचालकांनी जूनच्या आधीच ठरवून ठेवलेले बरे.